तेलाची नळी कापायच्या आधी

अगं, मघाशी फोनवर तुझे सासरे जवळच बसले होते, म्हणून मी जास्त बोलले नाही. आता निवांत सांगते. जेसीबी दुपारनंतर ओढत नाही, गिअर टाकला तरी जागेवर घुरघुरते, गिअरच्या तेलाचा कूलर गळतोय, आणि मिस्त्री म्हणतो कूलर काढून दोन्ही नळ्या डायरेक्ट जोडून टाकू. पाहुणे, म्हणजे तुझे मालक, तयारही झालेत. जरा थांबव त्यांना. कर्जाच्या कागदावर सहकर्जदार म्हणून तुझी सही आहे, विचारायला संकोच कसला?

मिस्त्री वाईट नाही गं, पण त्याचा हात बसलाय ट्रकवर. धारूरच्या घाटात उसाचे ट्रक चढतात ना, त्यांच्या गिअरबॉक्समधलं तेल म्हणजे नुसतं दात्यांचं वंगण. ते आत डब्यात पडून असतं, बाहेर कुठं फिरायला जात नाही. शिवाय ट्रक तापला की थर्मोस्टॅटचा वॉल काढून फेकायचा, ही आपल्याकडची जुनी खोड, आणि ती बऱ्याचदा खपूनही जाते. जेसीबीत तसं नाही. तिथं इंजिन आणि गिअरच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर बसलेला असतो. इंजिन एक पंखा फिरवतं, तो तेल फेकतो, त्या माऱ्यानं समोरचा दुसरा पंखा फिरतो आणि मग चाकं हलतात. म्हणजे ताकद वाहून नेतं ते तेलच.

आता बकेट मुरमात घुसली, चाकं अडली आणि ऑपरेटरनं रेस दाबूनच धरली, तर? पहिला पंखा फिरतोय, दुसरा ठप्प. सगळी ताकद तेलातच जिरते आणि तेल तापतं. या मशीनचं इंजिन 75 एचपीच्या आसपासचं, म्हणजे साधारण 55 किलोवॅट. त्यातली निम्मी ताकद जरी तेलात गेली, तरी घरातले 2 किलोवॅटचे 13 गिझर एकदम लावल्यासारखं झालं. ही उष्णता बाहेर काढायची मुख्य वाट म्हणजे त्या दोन नळ्या. एकीतून तापलेलं तेल रेडिएटरपाशी कूलरमध्ये येतं, दुसरीतून निवून परत जातं. मिस्त्री नेमकी तीच वाट बुजवायला निघालाय. गळती थांबेल, दोन-चार दिवस त्याला शाबासकीही मिळेल. मग आतल्या क्लच प्लेटा जळायला लागतील, रबरी सील कडक होतील आणि गिअरबॉक्स उतरवायची वेळ येईल. तो खर्च कुणाच्या अंगावर येतो, ते हप्ता भरणारीला मी काय सांगू.

तेल 80 ते 100 अंशांत चाललं तर तक्रार नाही. 120 च्या वर रेंगाळलं की ते झपाट्यानं म्हातारं होतं. ढोबळ हिशेब असा की दर 10 अंशांना तेल बिघडायचा वेग दुप्पट. लांबून तापमान दाखवणारी बंदूक मिळते, ती एक घेऊन ठेव. मशीन तापल्यावर कूलरला जाणारी नळी आणि परत येणारी नळी, दोन्हींवर ती धरून बघ. दोन्हीकडं जवळपास सारखाच आकडा आला तर कूलर काम करत नाही.

पण का करत नाही, हे नळी कापायच्या आधी बघायचं. सकाळी मशीन थंड असताना जाळीच्या एका बाजूनं बॅटरी मार आणि दुसऱ्या बाजूनं बघ. आपल्या काळ्या रानातली धूळ आणि गळक्या तेलाचा ओशटपणा मिळून जाळीत असा थर बसतो की उजेड आरपार येत नाही. पंख्याच्या बाजूनं बाहेर हवा मारून तो काढायचा. वॉशिंगवाल्याला जवळून पाण्याचा फवारा मारू देऊ नकोस, पत्र्याचे पापुद्रे वाकतात आणि वारा कायमचा अडतो. रेडिएटरच्या आतलं दुखणं वेगळंच. 2016 साली पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा तीन तालुक्यांत झाली, त्यात आपलं अंबाजोगाई होतं. शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेच ते वर्ष. त्या जलसंधारणाच्या कामांवर मशिनी उन्हात राबत होत्या, प्यायलाच पाणी नाही तिथं रेडिएटरची काय कथा! ज्या बोअरचं मिळालं ते ओतलं. पुढं तुझ्या दाजींनी रेडिएटर खोलला तेव्हा नळ्यांत पांढरे क्षार घट्ट बसलेले. तेव्हापासून आमच्याकडं बोअरचं पाणी बंद, तयार कूलंटच टाकतो.

मग डिपस्टिक काढून तेल पांढऱ्या फडक्यावर घे. काळपट आणि करपट वास आला तर ते जळलंय. ताकासारखं दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. काही मॉडेलांत तेलाचा कूलर रेडिएटरच्या अंगातच असतो, तो आतून फुटला की असं होतं. मग मशीन जागेवरून हलवायची नाही.

आणि ऑपरेटर! पाहुण्यांच्या नात्यातला आहे, ठाऊक आहे मला, पण दहा मिनिटं लांब उभी राहून त्याचं काम बघ. वरच्या गिअरमध्ये ढिगाला भिडतो का? मशीन पुढं पळत असतानाच रिव्हर्स टाकतो का? लोडरच्या दांड्यावर गिअर सोडायचं बटण असतं. बकेट उचलताना ते दाबलं तर इंजिनची ताकद हायड्रॉलिकला मिळते आणि कन्व्हर्टरला विसावा. कितीतरी जणांना ते बटण कशाला आहे हेच माहीत नसतं.

एवढं करूनही तापत असेल, तर कूलर वाढवायला माझी ना नाही. अमेरिकेत ऑटोमॅटिक पिकअपला मागं जड ट्रेलर जोडणारे लोक सर्रास जादा कूलर लावतात. पण तो मूळ कूलरच्या जागी नाही, त्याच्या पुढं, परतीच्या नळीवर. म्हणजे तेल दोनदा निवतं. अर्थात मूळ कूलर आधी दुरुस्त करून किंवा बदलून. होज गरम तेलाचीच हवी. पाण्याची किंवा डिझेलची नळी क्लिप आवळून बसवली तर भर रानात निसटते. हायड्रॉलिक पाइपच्या दुकानात टोकं मशीनवर दाबून देतात, तशीच घ्यायची. आतलं भोक मूळ नळीएवढंच. बारीक घेतली तर तेल कमी फिरतं, आणि बऱ्याच गिअरबॉक्समध्ये हेच परतीचं तेल बेअरिंगांना वंगण देतं. सायलेन्सरपासून लांब, पंख्यापासून लांब, पत्र्यातून जाते तिथं रबर. नवीन कूलरमध्ये तेल भरतं, म्हणून मशीन चालवून पातळी पुन्हा बघायची.

हॅक्सॉनं नळी कापताना मात्र तू तिथं उभी राहा. किसाचे बारीक कण आत राहतात आणि परतीच्या वाटेवर बहुतेकदा फिल्टर नसतो, सरळ गिअरबॉक्समध्ये उतरतात. कापलेली टोकं धुवायला लाव, जोडेपर्यंत स्वच्छ प्लास्टिकनं बांधून ठेवायला लाव. मार्चची धूळ कशी असते तुला सांगायला नको.

पाहुण्यांशी हे मिस्त्रीसमोर बोलू नकोस, तिथं त्यांना माघार घेता येणार नाही. रात्री जेवणं झाल्यावर हिशेबाची वही काढ आणि नुसतं विचार, "कूलर काढल्यावर तेल निवणार कुठं?" ते मिस्त्रीला तेच विचारतील. सासऱ्यांना मध्ये घेऊ नकोस, त्यांचा त्या मिस्त्रीवर फार जीव आहे. आणि दुकानातून होज घ्याल तेव्हा पक्कं बिल माग. त्यावर नळीचा दाब आणि तापमान लिहून घे. लिहून द्यायला का-कू करेल तो दुकानदार सोड, दुसरा बघ.