स्वीट कॉर्नला युरिया किती आणि कधी?

प्रश्न : एकरभर स्वीट कॉर्न 30 दिवसांचे आहे. खालची पाने पिवळी पडू लागली आहेत. दोन पोती युरिया एकदम टाकू का?

उत्तर : एकदम मुळीच टाकू नका. आधी पान हातात घेऊन पाहा. पिवळेपणा टोकाकडून मधल्या शिरेवरून आत सरकत असेल आणि कडा हिरव्या असतील, तर नत्र कमी पडले आहे. पीक जुन्या पानांतले नत्र काढून नव्या पानांना देते, म्हणून खालची पाने आधी पिवळी पडतात. कडाच करपत असतील तर पालाश कमी आहे, तिथे युरियाचा उपयोग नाही. रानात पाणी साचले असेल तर मुळे नत्र उचलतच नाहीत. आधी चर काढा.

मक्याला साधारण हेक्टरी 120, म्हणजे एकरी 48 किलो नत्र लागते. युरियाच्या 45 किलोच्या पोत्यात ते जेमतेम 21 किलो असते. पेरणीवेळी एक तृतीयांश नत्र दिले असेल, तर आता 35 किलो युरिया द्या आणि तुरा निघण्याआधी पुन्हा तेवढाच. ओळीपासून चार बोटे दूर, मातीआड करून लगेच हलके पाणी द्या. उघडा पडलेला युरिया अमोनिया होऊन उडून जातो.

कणीस धरताना नत्र तुटले तर टोकाचे दाणे भरत नाहीत, आणि व्यापारी भाव पाडतो तो तिथेच. जादा झाले तर पीक माजते, वाऱ्यात लोळते. पेरणीला डीएपी वापरले असेल तर त्यातले 18 टक्के नत्रही हिशेबात धरा.