मेनूच्या आड दडलेली यादी

आमच्या वर्गातील एक मित्र अंध आहे. गेल्या वर्षी तो एका संस्थेच्या संकेतस्थळावर प्रवेश-अर्जाचे पान शोधत होता. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी एनव्हीडीए ही आज्ञावली त्याला म्हणाली, 'यादी, तीन घटक.' तीनही ऐकून झाल्यावर मेनू संपला असे समजून त्याने पान बंद केले. शेजारी बसलेल्या मला मात्र त्याच ओळीत आठ दुवे दिसत होते. उरलेले पाच कोठे गेले, या प्रश्नातून हा अभ्यास सुरू झाला.

ते संकेतस्थळ वर्डप्रेसवर उभारलेले होते. २०१८ च्या डिसेंबरात वर्डप्रेसच्या ५.० या आवृत्तीबरोबर ठोकळ्यांनी पान रचण्याची सोय आली. तिला गुटेनबर्ग हे मुद्रकाचे नाव दिले आहे, आणि ते शोभतेही. छापखान्यात खिळे जुळवावेत तसे येथे ब्लॉक जुळवायचे असतात. मेनूसाठीचा 'नॅव्हिगेशन' ब्लॉक २०२२ च्या जानेवारीत, ५.९ या आवृत्तीत मूळ रचनेत दाखल झाला.

मेनू म्हणजे एच.टी.एम.एल.च्या भाषेत एक यादी होय. 'यूएल' ही यादीची खूण आणि तिच्या पोटी थेट 'एलआय', म्हणजे एकेक घटक. डोळस वाचकाला ही रचना दिसत नाही. वाचून दाखवणारी आज्ञावली मात्र तिच्यावरच विसंबून असते. आता गंमत अशी की, नॅव्हिगेशन ब्लॉकमध्ये दुवा दोन मार्गांनी येऊ शकतो. एक, हाताने घातलेला सुटा दुवा. दुसरा, 'पेज लिस्ट' हा ब्लॉक. तो संकेतस्थळाची सर्व पाने आपणहून मांडतो, पण येताना स्वतःची 'यूएल' बरोबर आणतो. संस्थेच्या मेनूत तीन दुवे सुटे होते व पाच पेज लिस्टमधून आलेले. रंग, अक्षरे, अंतर सारखे असल्यामुळे डोळ्यांना ओळ एकच दिसे. कानांना याद्या दोन पडत.

या ब्लॉकच्या कर्त्यांनाही एकसारखेपणाची चिंता नाही असे नव्हे. पेज लिस्टच्या घटकांना त्यांनी सुट्या दुव्यांचीच क्लास-नावे जोडून दिली आहेत, म्हणजे सजावटीचा एकच नियम दोहोंना लागू पडावा. तरीही सुट्या दुव्याच्या मजकुराभोवती 'स्पॅन'चे एक वेष्टण असते. ते पेज लिस्टमध्येही असेल असे गृहीत धरून सजावट लिहिली तर अर्धा मेनू उघडा राहायचा! मला वाटते, सजावट नेहमी समान नावावर बेतावी, आतल्या वेष्टणावर नव्हे.

याहून खोल अडचण अशी की, मेनू दोनदा रचला जातो. संपादकाला दिसणारे रूप जावास्क्रिप्ट घडवते, वाचकाला दिसणारे पीएचपी. संपादनात दुवा दाबला तर तो कोठे नेत नाही, मजकूर बदलू देतो; म्हणून दोन्ही रूपे तंतोतंत एक होणे शक्यच नाही. एका बाजूची दुरुस्ती दुसऱ्या बाजूला करायची राहिली, तर संपादकाने मंजूर केलेले एक आणि वाचकाला मिळालेले दुसरेच, असा प्रकार घडतो. एक गोष्ट मात्र सोयीची आहे. साध्या परिच्छेदाचे मार्कअप लेखाबरोबरच साठवले जाते. सुट्या दुव्याचे तसे नाही. त्याचे नाव, पत्ता असे तपशीलच साठवतात आणि मार्कअप पान मागितल्यावर तयार होते. त्यामुळे मूळ आज्ञावलीत केलेली सुधारणा जुन्या मेनूंनाही आपोआप लाभते. अर्थात, जुन्या मार्कअपवर बेतलेली कोणाची तरी सजावट त्याच वेळी मोडूही शकते. खुणा बदलण्याबाबत कर्ते बिचकतात ते यामुळेच.

संस्थेच्या मेनूवरचा उपाय सोपा निघाला. पेज लिस्ट निवडून 'संपादन' दाबले की तिची पाने सुट्या दुव्यांत रूपांतरित होतात. त्याची किंमत एवढीच की, पुढे नवे पान निघाले तर ते मेनूत हाताने घालावे लागते. संकेतस्थळ सांभाळणाऱ्या गृहस्थांना ते प्रथम रुचले नाही. मित्राने त्यांच्यासमोर बसून जुना मेनू ऐकवला, तेव्हा त्यांनी रूपांतर केले. दुसऱ्या दिवशी एनव्हीडीए म्हणाली, 'यादी, आठ घटक.' प्रवेश-अर्ज सहावा होता.