विंचूदंशावरील उपचार आणि वैद्यकीय पुराव्याचा शोध

रात्रीअपरात्री विंचू चावलेले मूल प्राथमिक आरोग्य केंद्रात आणले जाते. त्याला दरदरून घाम सुटलेला असतो, उलट्या होत असतात, हातपाय गार पडलेले असतात. अशा वेळी वैद्यकीय अधिकाऱ्यापुढे दोन औषधांचा विचार असतो. एक प्राझोसिनची गोळी. हे मुळात रक्तदाबावरील, स्वस्त औषध होय. दुसरी, विंचवाच्या विषाविरुद्ध तयार केलेली, शिरेतून द्यावयाची प्रतिविष लस. नुसती गोळी पुरेशी आहे, की तिच्या जोडीला लसही द्यावी? या प्रश्नावर त्या मुलाची पुढची रात्र अवलंबून असते. केंद्रात कोणता साठा ठेवावा हा प्रशासकीय निर्णयही त्याच्याशीच बांधलेला असतो.

अशा प्रश्नाचे उत्तर ज्येष्ठांच्या सल्ल्याने किंवा पाठ्यपुस्तकाच्या आधारे देण्याची रीत जुनी आहे आणि ती टाकाऊ नाही. तथापि पाठ्यपुस्तक लिहून, छापून हाती येईपर्यंत बराच काळ लोटतो, आणि ज्येष्ठांचा अनुभव त्यांनी पाहिलेल्या रुग्णांपुरता असतो. जगभर झालेल्या अभ्यासांच्या सूचीतून उत्तर शोधणे हा तिसरा मार्ग आता तालुक्याच्या गावीही मोकळा झाला आहे. शोध घेण्याचे काम डॉक्टरांचे असले, तरी औषधखरेदीला मंजुरी देणारे अधिकारी, रुग्ण कल्याण समितीवरील पंचायत सदस्य आणि ज्यांच्या शब्दाला गावात मान आहे ते शिक्षक यांनाही ही पद्धत समजून घेणे उपयुक्त ठरेल. मोबाइलवर फिरणाऱ्या विंचूदंशावरील रामबाण उपायांची संख्या पाहता ते आवश्यकच आहे.

सूचीचा इतिहास

वैद्यकीय लेखांची पद्धतशीर सूची अमेरिकेत जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ मध्ये ‘इंडेक्स मेडिकस’ या नावाने सुरू केली. जाडजूड छापील खंडांतून एकेक नोंद शोधणे हे ग्रंथपालाच्या चिकाटीचे काम होते. १९७१ मध्ये ‘मेडलाइन’ ही संगणकीय सूची दूरध्वनीच्या तारांवरून वापरता येऊ लागली. जून १९९७ पासून ती ‘पबमेड’ या नावाने सर्वांसाठी विनामूल्य खुली झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या या सूचीत आज साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. बहुतेक नोंदींसोबत लेखाचा सारांश मिळतो, काहींचा पूर्ण मजकूरही मिळतो. एवढ्या ढिगाऱ्यात नुसता ‘विंचू’ हा शब्द टाकला, तर विंचवाच्या जातींपासून विषातील प्रथिनांपर्यंत हजारो लेख पुढे येतात. डॉक्टरला हवे असलेले पाचसहा लेख त्यांत दडून राहतात.

प्रश्नाची मांडणी

म्हणून शोधाची सुरुवात यंत्रापाशी न होता कागदावर होते. रुग्ण कोण, कोणता उपचार, त्याची तुलना कशाशी आणि कोणता परिणाम मोजावयाचा, ही चार अंगे आधी लिहून काढावयाची असतात. आपल्या उदाहरणात रुग्ण म्हणजे भारतीय लाल विंचवाच्या दंशाने गंभीर झालेली व्यक्ती. उपचार म्हणजे प्रतिविष लस आणि प्राझोसिन. तुलना नुसत्या प्राझोसिनशी. आणि परिणाम म्हणजे प्रकृती पूर्ववत होण्यास लागणारा वेळ, फुप्फुसात पाणी होणे आणि मृत्यू. ‘लाल विंचू’ हे दोन शब्द येथे गाळले तर काय घोटाळा होतो, हे पुढे दिसेल.

शब्दांची निवड

यानंतरची अडचण भाषेची. एकाच गोष्टीला निरनिराळे लेखक निरनिराळी नावे देतात. यावर उपाय म्हणून ग्रंथालयाने १९६० पासून ठरावीक विषयशीर्षके वापरण्यास सुरुवात केली. लेखकाने ‘हार्ट अटॅक’ लिहिले असो वा ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’, लेख एकाच शीर्षकाखाली नोंदला जातो. परंतु अगदी नव्या लेखांवर शीर्षक चढलेले नसण्याचा संभव असतो. यास्तव शीर्षक आणि साधे शब्द या दोहोंनी शोध घेणे श्रेयस्कर.

लाल विंचवाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. त्याचे शास्त्रीय नाव पूर्वी ‘बुथस टॅम्युलस’ होते, पुढे ते ‘मेसोबुथस टॅम्युलस’ झाले आणि अलीकडे ‘हॉटेंटोटा टॅम्युलस’ असे लिहितात. जो केवळ नवे नाव टाकतो, त्याला जुने मोलाचे लेख दिसत नाहीत. प्रतिविष लसीचेही तसेच. कोणी ‘अँटिव्हेनम’ म्हणतो, कोणी ‘अँटिव्हेनिन’. अशा वेळी शब्दाचा सामाईक भाग लिहून पुढे तारांकन दिले, की त्यापासून सुरू होणारी सर्व रूपे सापडतात. समानार्थी शब्द ‘किंवा’ अर्थाच्या इंग्रजी शब्दाने जोडावयाचे आणि प्रश्नाची वेगवेगळी अंगे ‘आणि’ अर्थाच्या शब्दाने. पहिल्याने जाळे रुंदावते, दुसऱ्याने ते आवळले जाते. ‘वगळा’ ही तिसरी आज्ञाही आहे, पण ती जपून वापरलेली बरी. ‘सर्प’ वगळा म्हटले, की साप आणि विंचू दोहोंचा विचार करणारा उत्तम लेखही वगळला जातो. शेवटी यादृच्छिक चाचण्या आणि अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणारे लेख एवढेच निवडण्याची गाळणी लावावी.

तीन देश, तीन उत्तरे

अशा शोधात तीन चाचण्या ठळकपणे पुढे येतात. ट्युनिशियातील ८२५ रुग्णांवरील चाचणी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली, विंचू चावलेल्या प्रत्येकाला सरसकट लस दिल्याने लाभ होत नाही, असा तिचा निष्कर्ष होता. अमेरिकेतील ॲरिझोनात अवघ्या १५ मुलांवर झालेल्या चाचणीचा वृत्तांत २००९ मध्ये आला. तीत लस दिलेली आठही मुले चार तासांत लक्षणमुक्त झाली, तर लस न दिलेल्या सातांपैकी एकच. तिसरी चाचणी रायगड जिल्ह्यातील महाडची. डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांची ही चाचणी २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केली. लस आणि प्राझोसिन दिलेल्या ३५ रुग्णांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ववत झाले. नुसते प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी आठ.

यांपैकी पहिलाच लेख वाचून जो थांबेल, तो लस निरुपयोगी ठरवील. दुसराच वाचील, तो तिला चमत्कार मानील. ट्युनिशियातील विंचवांच्या जाती वेगळ्या, आणि तेथे रुग्ण गंभीर आहे की नाही हे न पाहता लस दिली गेली होती. ॲरिझोनातील विंचवाच्या विषाचा मारा मुख्यतः नसांवर आणि स्नायूंवर होतो. कोकणातील लाल विंचवाच्या विषाने शरीरात उत्तेजक द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर ताण पडतो आणि फुप्फुसात पाणी साठते. एका विंचवाची लस दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. आकड्यांच्या मोठेपणापेक्षा रुग्ण आपल्यासारखे आहेत का, हा प्रश्न येथे अधिक महत्त्वाचा ठरतो. ८२५ रुग्णांच्या चाचणीपेक्षा ७० रुग्णांची चाचणी महाराष्ट्रातील डॉक्टरला जवळची आहे.

तिच्याही मर्यादा ध्यानात घेतल्या पाहिजेत. कोणाला कोणते औषध दिले हे डॉक्टरांना ठाऊक होते, आणि ७० रुग्णांवरून मृत्यूचे प्रमाण घटते की नाही हे ठरविता येत नाही. लवकर बरे वाटणे आणि जीव वाचणे या भिन्न गोष्टी आहेत. मात्र ग्रामीण रुग्णालयातील खाट दहा तासांत मोकळी होते की दिवसभर अडते, याला पावसाळ्याच्या तोंडावर काय किंमत असते, हे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना सांगावयास नको.

या सूचीत कोकण आहे, ते कोणीतरी नोंदी ठेवल्या म्हणून. डॉ. बावस्कर यांनी महाड परिसरातील रुग्णांवरील आपली निरीक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ला कळविली आणि प्राझोसिनच्या वापरासंबंधीचा लेख तेथेच १९८६ मध्ये आला. प्रयोगशाळा नाही, मोठे रुग्णालय नाही. रक्तदाब मापक, घड्याळ आणि नोंदवही एवढीच सामग्री. त्या नोंदी कपाटात राहिल्या असत्या, तर आज शोध घेणाऱ्याच्या हाती ट्युनिशिया आणि ॲरिझोना एवढेच आले असते.

उपलब्ध पुरावा पाहता, लाल विंचवाच्या दंशाने गंभीर झालेल्या रुग्णाला प्राझोसिन विनाविलंब द्यावे आणि लस हाताशी असल्यास तिची जोड द्यावी, या मताकडे कल झुकतो. लसीच्या शोधात गोळीला उशीर करणे मात्र समर्थनीय नाही. मात्रा आणि देखरेख ही सर्वस्वी डॉक्टरांची बाब होय. गोळीने रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, म्हणून रुग्णाला उठवून चालविणे टाळावे लागते.

शोध संपल्यावर वापरलेले शब्द, गाळण्या आणि शोधाची तारीख केंद्राच्या नोंदवहीत लिहून ठेवावी, म्हणजे बदलून येणाऱ्या अधिकाऱ्याला त्या तारखेपुढचेच लेख पाहावे लागतात. भारतात चालू असलेल्या चाचण्यांची नोंदणी २००७ पासून होत असून १५ जून २००९ पासून ती सक्तीची आहे. ती नोंदवहीही इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते, आणि अजून प्रसिद्ध न झालेले काम तीत आधी दिसते.