विस्मयाची पाच द्वारे



नाट्यशास्त्रकार भरतमुनींनी जे आठ रस सांगितले त्यांत अद्भुत हा एक रस असून विस्मय हा त्याचा स्थायिभाव होय. स्थायी म्हणजे मनुष्याच्या मनात मुळातच वसत असलेला. तो बाहेरून आणून घालावा लागत नाही. मग दोन वर्षांच्या बालकाला मुंग्यांच्या रांगेपाशी खिळवून ठेवणारा हा भाव चौदाव्या वर्षी कोठे जातो? ‘पाऊस’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला, की बहुतेक वह्यांत तोच विजांचा कडकडाट आणि तेच मोरांचे नृत्य आढळते. आमच्या गोमंतकात चार महिने पाऊस कोसळतो. परंतु निबंधातला पाऊस मात्र अंगणातून आलेला नसतो, पुस्तकातून उतरलेला असतो. इंद्रिये जागी नसली म्हणजे ज्ञान उसने राहते. ती जागी कशी ठेवावी, याचे काही साधे पाठ येथे देत आहे. मोठ्यांनी ते धाकट्या भावंडांसह करून पाहावेत. पालकांनीही त्यांत सामील व्हावे.

पहिला पाठ नाकाचा. पहिल्या सरीबरोबर येणारा मातीचा वास आपणां सर्वांस परिचित आहे. पण माती तर बारा महिने तेथेच असते, मग वास त्याच दिवशी का यावा? १९६४ साली ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी या गंधाचा अभ्यास करून त्याला ‘पेट्रिकोर’ असे नाव दिले. कोरड्या दिवसांत वनस्पतींपासून निघालेली तेले माती व दगड शोषून घेतात. शिवाय मातीतील सूक्ष्म जीव ‘जिओस्मिन’ नावाचे द्रव्य निर्माण करतात. पावसाचा थेंब सच्छिद्र मातीवर आपटला, की त्याच्याखाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात आणि वर येऊन फुटताना हा गंध हवेत उधळतात. हे दृश्य २०१५ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपले. आपल्या देशात कनौजचे अत्तरकार मात्र हाच गंध भाजलेल्या मातीतून ऊर्ध्वपातनाने काढून चंदनाच्या तेलात साठवीत आले आहेत. मुलाला हे सारे आधी सांगू नये. कोरड्या मातीची ढेकळे, विटेचा तुकडा व वाळू यांवर पाणी शिंपडावे आणि कोणाचा वास अधिक येतो हे त्यालाच ठरवू द्यावे.

दुसरा पाठ कानाचा. वीज चमकली की लहान मूल घाबरून आईला बिलगते. त्याला घरात, खिडकीपासून दूर बसवून आकडे मोजावयास शिकवावे. प्रकाश तत्क्षणी पोहोचतो. ध्वनी मात्र सेकंदाला सुमारे ३४० मीटर या वेगाने येतो. म्हणून वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीन सेकंद गेले, तर वीज सुमारे एक किलोमीटर अंतरावर होती असे समजावे. मोजता मोजता भीतीचे कुतूहलात रूपांतर होते.

तिसरा पाठ त्वचेचा. तीन भांडी घ्यावीत. एकात सोसवेल इतके ऊन पाणी, दुसऱ्यात माठातले गार आणि तिसऱ्यात कोमट. डावा हात उन्हात व उजवा गारात थोडा वेळ ठेवून दोन्ही हात एकदम कोमट पाण्यात घालावेत. तेच पाणी डाव्या हाताला गार आणि उजव्याला ऊन लागते! सतराव्या शतकातील तत्त्वज्ञ जॉन लॉक याने या अनुभवाचा उल्लेख केला आहे. इंद्रिये सांगतात ते सर्वस्वी खरे नसते, ते पडताळून पाहावे लागते, हा शास्त्राचा मोठा धडा मूल येथे तीन भांड्यांत शिकते.

चौथा पाठ जिभेचा. बांगड्याच्या हुमणात घातलेले तिरफळ, ज्याला आपण घरी तेफळ म्हणतो, ते चावले असता जीभ झिणझिणते. ही चव आहे काय? तिरफळाच्या जातीच्याच चिनी मिरीवर लंडन येथील संशोधकांनी प्रयोग केले. ओठांना जाणवणारी ती झिणझिण सेकंदाला सुमारे ५० कंपनांसारखी असल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे ती चव नसून स्पर्शाचाच एक प्रकार होय. आपल्या रांधणीत एवढे नवल दडलेले आहे!

पाचवा पाठ डोळ्यांचा. त्यासाठी एका मुलाची खरी गोष्ट सांगतो. मुंबईत वाढणाऱ्या एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. इतर कोणी तिकडे दुर्लक्ष केले असते. त्याने ‘ही कोणती चिमणी?’ असे मामांस विचारले. मामांनी ‘मला ठाऊक नाही’ म्हणून विषय संपविला नाही. त्यांनी त्याला मुंबईच्या निसर्ग-इतिहास मंडळाकडे पाठविले. तेथील चिटणीस मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला आणि मुलाला संग्रहातील पक्षी दाखविले. तो मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली (१८९६–१९८७). पिवळा डाग मुलाने पाहिला खरा. पण त्या पाहण्याला दार उघडून देणारे एक वडीलधारे माणूसही तेथे होते, हे पालकांनी विसरू नये.

यावरून वडीलधाऱ्यांसाठी तीन गोष्टी निष्पन्न होतात. नाव सांगण्याची घाई करू नये; आधी वस्तू हाती द्यावी. उत्तर ठाऊक नसेल तर ‘चल, पाहू या’ असे म्हणावे. आणि मुलाला आपला अनुभव प्रथम घरच्या बोलीत सांगू द्यावा. ज्याने भिरंड हातात धरून फोडले, त्याचा जांभळा रस बोटांना लावून घेतला, त्याला ‘कोकम’ हा ग्रांथिक शब्द शिकावयास क्षणही लागत नाही. परंतु केवळ शब्द शिकलेल्याला भिरंड कधीच भेटत नाही.

हे केवळ निबंधाच्या गुणांसाठी नव्हे. आपल्या भोवतीच्या टेकड्या, खाजणे, तळी पुढच्या पिढीच्या स्वाधीन व्हावयाची आहेत. ज्याने बेडकांचा आवाज कधी कान देऊन ऐकला नाही, त्याला तो थांबल्याचे कळणार तरी कसे? आणि ज्याला कळले नाही, तो राखणार काय?

म्हणून येत्या मृगात एक कोरी वही घ्या. तिची पाच पाने करा: नाक, कान, त्वचा, जीभ, डोळे. दररोज एका पानावर एकच ओळ लिहा. मात्र ती कोणत्याही पुस्तकात नसलेली असावी. पावसाळा सरेल तेव्हा ‘पाऊस’ हा निबंध तुम्हांस कोणाकडूनही उसना घ्यावा लागणार नाही.