जुन्या बॅटरी-ड्रिलची संपलेली बॅटरी पुन्हा कशी बांधावी

शेडनेटचा सांगाडा उभा करणे, गोठ्याच्या पत्र्यांना छिद्रे पाडणे, ठिबक संचाची नळी जोडणे, ट्रॉलीच्या फळ्या आवळणे अशा अनेक कामांसाठी बॅटरीवर चालणारे ड्रिल यंत्र आता पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरी दिसते. शेतात वीज नसली तरी ते चालते, हा त्याचा मोठा गुण होय. परंतु काही वर्षांच्या वापरानंतर त्याची बॅटरी दम धरीनाशी होते. रात्रभर चार्ज करूनही सकाळी दोन-चार छिद्रे पाडताच यंत्र मंदावते. दुकानात चौकशी करावी तर या बनावटीची बॅटरी आता निघत नाही, असे उत्तर मिळते. वास्तविक यंत्राची मोटर, दातेरी चाके व पकड ही सर्व शाबूत असतात. जू मोडले म्हणून धडधाकट बैल कोणी विकीत नाही. तेव्हा केवळ बॅटरीपायी चांगले यंत्र भंगारात घालण्यापूर्वी थोडा विचार करणे हिताचे ठरेल.

जुन्या बॅटऱ्या मिळेनाशा का झाल्या?

निकेल-कॅडमियम जातीचा सेल स्वीडनमधील वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ साली तयार केला. १९६१ साली अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर या कारखान्याने बॅटरीवर चालणारे ड्रिल बाजारात आणले, त्यात याच जातीचे सेल होते. पुढे १९९१ साली लिथियम-आयन सेल विक्रीस आले व २००५ च्या सुमारास ते हत्यारांतही वापरले जाऊ लागले. ते वजनाने हलके असून त्यांत वीज अधिक साठते. शिवाय कॅडमियम हा विषारी धातू असल्यामुळे युरोपीय संघाने अशा हत्यारांतील निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांना दिलेली सवलत २०१६ च्या अखेरीस संपविली. त्यामुळे कारखान्यांनी नव्या बनावटीच्या बॅटऱ्या काढल्या आणि त्या जुन्या यंत्रात बसेनाशा झाल्या.

बॅटरीची रचना

यंत्राच्या मुठीखाली बसणारा प्लॅस्टिकचा डबा म्हणजे एकच बॅटरी नव्हे. त्यात अनेक सेल एकामागून एक, म्हणजे एकसर जोडलेले असतात. निकेल-कॅडमियमचा प्रत्येक सेल १.२ व्होल्टचा असतो. म्हणून ९.६ व्होल्टच्या डब्यात ८, १२ व्होल्टच्या डब्यात १०, १४.४ व्होल्टच्या डब्यात १२ आणि १८ व्होल्टच्या डब्यात १५ सेल असतात. हे सेल बहुधा 'सब-सी' या मापाचे, म्हणजे सुमारे २२ ते २३ मिलिमीटर जाडीचे व ४२ ते ४३ मिलिमीटर उंचीचे असतात. बाहेरच्या डब्याची बनावट बंद झाली तरी आतील सेल त्याच मापाचे मिळू शकतात. पुनर्बांधणीचे सारे मर्म येथेच आहे.

एकसर जोडणीत एका सेलचा दोष सर्वांना भोवतो. माळेतील दुबळा सेल प्रथम रिकामा होतो. यंत्र तरीही दामटीत राहिल्यास बाकीचे सेल त्यातून उलट दिशेने वीज ढकलतात व तो कायमचा निकामी होतो. म्हणून यंत्र मंदावताच काम थांबवून बॅटरी चार्जरला लावावी. शेवटचे छिद्र पुरे करण्याच्या हट्टापायी अनेक बॅटऱ्या अकाली मेल्या आहेत.

दोष कोठे आहे ते प्रथम ठरवावे

बॅटरी उघडण्यापूर्वी चार्जरची तपासणी करावी. मल्टिमीटरने चार्जरच्या टोकांवर व्होल्ट मोजावेत, परंतु काही चार्जर बॅटरी बसविल्याखेरीज वीज सोडीत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. डब्याची व यंत्राची टेकणारी पाती गंजली असल्यास बारीक पॉलिश कागदाने घासून घ्यावीत. एवढ्यानेही कित्येकदा काम भागते.

चार्जर व पाती ठीक असल्यास डबा उघडावा. हातातील अंगठी व कडे प्रथम काढून ठेवावे आणि डोळ्यांवर चष्मा लावावा. सेलच्या टोकांवर पांढरी भुकटी दिसल्यास आतील क्षारद्रव पाझरला आहे असे समजावे. ती उघड्या हाताने झाडू नये. डोळ्यात गेल्यास भरपूर पाण्याने बराच वेळ धुऊन तत्काळ डॉक्टरांकडे जावे. सेल कोणत्या क्रमाने व कोणते टोक वर करून बसविले आहेत, त्याचा नकाशा कागदावर काढून घ्यावा किंवा मोबाईलवर छायाचित्र घ्यावे. सेलला चिकटवलेला एखादा बारीक भाग व त्याच्या तारा आढळल्यास ती उष्णतेपासून राखण करणारी योजना होय. ती तोडू किंवा टाकून देऊ नये.

यानंतर प्रत्येक सेल स्वतंत्र मोजावा, परंतु नुसते मोजून भागत नाही. दुबळा सेलही विश्रांतीत १.२ व्होल्ट दाखवितो. म्हणून बॅटरी पूर्ण चार्ज करून तिच्यावर भार ठेवावा. १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी वाहनाचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा दिवा उत्तम. तो सुमारे १.७५ अँपिअर प्रवाह घेतो. दिवा पेटलेला असताना प्रत्येक सेल मोजावा. समजा, आठ सेल १.२ व्होल्ट दाखवीत आहेत, एक ०.८ आणि एक शून्य. तर दोष त्या दोहोंत आहे हे उघड झाले.

बॅटरीची साठवण मोजण्याचीही हीच रीत आहे. पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीवर दिवा पेटवून वेळ पाहावी व बॅटरीचा दाब १० व्होल्टवर येताच दिवा काढावा. २ अँपिअर-तासांची चांगली बॅटरी हा दिवा एक तासाहून थोडा अधिक वेळ चालवील. तो वीस मिनिटांतच मंदावला तर साठवण तिसऱ्या हिश्श्यावर आली असे समजावे.

सर्व सेल बदलावेत की दोनच?

दोनच सेल बदलण्याचा मोह होतो, पण तो बहुधा महाग पडतो. एकाच दिवशी बसविलेले सेल एकाच वेळी म्हातारे होतात. नवे दोन बसविले तरी पुढील हंगामात जुने दुसरे दोन दगा देतात व डबा पुन्हा उघडावा लागतो. बॅटरी थोड्याच महिन्यांची असून अपघाताने एखादा सेल गेला असेल तरच तेवढा बदलावा. एरवी सर्व सेल एकाच बनावटीचे, एकाच साठवणीचे व एकाच वेळी घेतलेले बसवावेत. सेलची व मजुरीची एकूण किंमत नव्या यंत्राच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर पुनर्बांधणीच्या भरीस पडू नये.

निकेल-कॅडमियमऐवजी निकेल-मेटल-हायड्राइड सेलही चालतात. त्यांचा दाब तोच, १.२ व्होल्ट असून साठवण अधिक असते व त्यांत कॅडमियम नसते. परंतु गरजेपेक्षा अधिक चार्जिंग त्यांना सोसत नाही. आपोआप बंद न होणारा जुना चार्जर असल्यास वेळेवर लक्ष ठेवावे व बॅटरी गरम लागताच ती काढावी.

जोडकाम

सेलच्या अंगावर थेट डाख लावू नये. उष्णतेने आतील पडदे व झाकणाची बंदिस्ती बिघडते. निकेलच्या पट्ट्या आधीच जोडलेले सेल मागवावेत व पट्टीला पट्टी डाखावी, किंवा स्पॉट वेल्डिंगची सोय असलेल्या कारागिराकडून काम करून घ्यावे. एका सेलचे धन टोक पुढील सेलच्या ऋण टोकास जोडावे. दोन सेलांमध्ये निरोधक कागद घालण्यास विसरू नये. उष्णतेची राखण करणारा भाग पूर्वीच्याच जागी सेलला चिकटवून बसवावा.

जोडणी पुरी होताच एकूण व्होल्ट मोजावेत. नव्या दहा सेलांची बेरीज सुमारे १२ ते १३ भरली पाहिजे. एक सेल उलटा बसला असेल तर बेरीज सुमारे अडीच व्होल्टने कमी येते. ही तपासणी झाल्याखेरीज डबा बंद करू नये.

पहिले चार्जिंग सावकाश करावे. २ अँपिअर-तासांच्या सेलांना ०.२ अँपिअर प्रवाहाने सुमारे १४ तास लागतात. या काळात बॅटरी फरशीवर, चारा, कडबा व कापूस यांपासून दूर ठेवावी.

लिथियम सेलांबाबत इशारा

जुन्या डब्यात लिथियम सेल बसवून देणारे कारागीर आढळतात. हे काम जाणकाराखेरीज कोणी करू नये. लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज झाल्यास पेट घेण्याचा धोका असतो, आणि निकेल-कॅडमियमचा जुना चार्जर त्या मर्यादेवर थांबत नाही. म्हणून लिथियम सेल बसविल्यास स्वतंत्र चार्जर आणि प्रत्येक सेलवर पहारा ठेवणारे संरक्षक मंडल ही दोन्ही अवश्य पाहिजेत. शिवाय सेल मोठा प्रवाह देणाऱ्या जातीचे हवेत. फुगलेला, चेपलेला किंवा जुन्या लॅपटॉपमधून काढलेला सेल मुळीच वापरू नये. कडबा रचलेल्या वाड्यात रात्री लागलेली एक ठिणगी यंत्राच्या किमतीच्या शेकडो पट नुकसान करते.

ट्रॅक्टरच्या बॅटरीवर ड्रिल

यंत्र १२ व्होल्टचे असल्यास आणखी एक स्वस्त मार्ग आहे. जुन्या डब्यातील सेल काढून टाकावेत व डब्याच्या पात्यांना दोन जाड तारा जोडून त्या ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीस लावाव्यात. तार तांब्याची, किमान ४ चौरस मिलिमीटरची व तीन मीटरपर्यंत लांब असावी. बारीक तारेत दाब गळतो व तार तापते. बॅटरीच्या धन टोकालगत ३० अँपिअरचा फ्यूज बसविल्याखेरीज हा उपाय करू नये. धन व ऋण टोकांची अदलाबदल होऊ देऊ नये. १४.४ किंवा १८ व्होल्टचे यंत्र अशा रीतीने पूर्ण जोराने चालणार नाही.

फवारणी पंपाची बॅटरी निराळी

पाठीवरच्या फवारणी पंपात बहुधा १२ व्होल्टची बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरी असते. तिची निगा निराळी आहे. निकेल-कॅडमियम बॅटरी रिकामी ठेवली तरी फारसे बिघडत नाही, परंतु शिसे-आम्ल बॅटरी रिकामी ठेवल्यास तिच्या पट्ट्यांवर कठीण थर बसून ती मरते. हंगाम संपताच ती पूर्ण चार्ज करून ठेवावी व दर तीन महिन्यांनी पुन्हा चार्ज करावी. ऐन फवारणीच्या आठवड्यात बंद पडणाऱ्या पंपांपैकी कित्येकांचे दुखणे मागील हंगामाच्या अखेरीस सुरू झालेले असते.

जुने सेल उकिरड्यावर टाकू नयेत

जपानच्या तोयामा प्रांतात जिंझू नदीकाठी खाणीतील कॅडमियम पाण्यावाटे भातखाचरांत शिरले. ते भात खाणाऱ्या लोकांची मूत्रपिंडे निकामी झाली, हाडे ठिसूळ झाली व वेदनांनी ते कण्हू लागले. त्या कण्हण्यावरूनच रोगाला 'इताइ-इताइ' हे नाव पडले. १९६८ साली जपान सरकारने हा रोग कॅडमियमच्या प्रदूषणाने झाल्याचे मान्य केले. एका ड्रिलमधील सेलांनी एवढा अनर्थ होणार नाही, हे खरे. तथापि उकिरड्यातील खत अखेर शेतातच जाते आणि कॅडमियम जमिनीतून पिकात उतरते, हे शेतकऱ्याने विसरू नये. सेल फोडू नयेत, जाळू नयेत व विहिरीजवळ पुरू नयेत. भारतात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये वापरलेल्या बॅटऱ्या घरच्या इतर कचऱ्यात न मिसळता त्या गोळा करणाऱ्या किंवा पुनर्वापर करणाऱ्या संस्थेकडे देणे हे ग्राहकाचे कर्तव्य आहे.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी गावातील अशी बंद यंत्रे किती आहेत, याची एकदा पाहणी करावी. पाच-सहा शेतकऱ्यांची यंत्रे एकाच मापाच्या सेलांवर चालत असल्यास सेल एकत्र मागविता येतील व एकाच कारागिराकडून बांधून घेता येतील. निघालेले जुने सेल बंद डब्यात जमवून एकदमच पोचते करावेत. ज्याला दिव्याची चाचणी एकदा करून दाखविली, तो शेतकरी पुढे आपली बॅटरी आपणच पारखील आणि ती मरण्यापूर्वीच जपू लागेल.