प्रमाणाचा निर्णय : मोठ्या रणगाडा-प्रतिकृतीचा आरंभ

रणगाड्याची मोठी, चालती प्रतिकृती करू इच्छिणाऱ्याचा हात बहुधा प्रथम तोफेकडे वळतो. लांब नळी आणि तिच्यामागील भक्कम बुरूज हे भाग डोळ्यांना मोहविणारे असतात. शिवाय ते तुलनेने लवकर तयारही होतात. परंतु अशा रीतीने हाती घेतलेले काम अनेकदा बुरुजापाशीच थांबते. रणगाडा ही प्रचंड भार मऊ जमिनीवरून वाहून नेणारी यंत्रणा आहे, आणि प्रतिकृतीचे भवितव्य ही यंत्रणा लहान आकारात कशी वागते यावर ठरते. ते वागणे कोणत्या प्रमाणाची निवड केली यावर अवलंबून असते. म्हणून पहिला निर्णय प्रमाणाचा.

येथे उदाहरणादाखल सेंच्युरियन हा ब्रिटिश बनावटीचा रणगाडा घेऊ. त्याचे पहिले नमुने १९४५ मध्ये तयार झाले आणि पुढे तो भारतीय लष्करात दाखल झाला. सप्टेंबर १९६५ मध्ये असल उत्तरच्या लढाईत ‘तिसरी कॅव्हलरी’ या रेजिमेंटचे सेंच्युरियन पॅटन रणगाड्यांशी झुंजले. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या रणक्षेत्रावर पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल याच जातीच्या रणगाड्यातून लढताना धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या रणगाडा संग्रहालयात सेंच्युरियन प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. एखाद्या चौथऱ्यावर उभा असलेला रणगाडा पाहून त्याची मापे घेणाऱ्याने मात्र सावध राहावे. आवडी येथे तयार झालेला विजयंता दुरून पुष्कळसा सेंच्युरियनसारखा दिसतो. पण त्याचे वजन, धड आणि चाकांखालील स्प्रिंगांची योजना ही सर्व वेगळी आहेत.

सेंच्युरियनच्या धडाची लांबी सुमारे ७.६ मीटर, रुंदी ३.४ मीटर, उंची ३ मीटर आणि वजन सुमारे ५१ टन. एकास पस्तीस या प्रमाणात धडाची लांबी २२ सेंटिमीटर भरते. ही झाली टेबलावरील शोभेची वस्तू. (हे विचित्र प्रमाण कोठून आले, याची हकीकत मनोरंजक आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी तामिया या जपानी कंपनीने पँथर रणगाड्याचा संच काढला, तेव्हा आत विजेच्या बॅटऱ्या मावाव्यात एवढे त्याचे धड ठेवले. नंतर मोजून पाहता ते सुमारे एकास पस्तीस निघाले. विजेरीच्या मसाल्याने जगभरच्या हौशी लोकांचे माप ठरविले!) एकास सोळा प्रमाणात लांबी ४७ सेंटिमीटर होते. एकास सहा प्रमाणात ती १२७ सेंटिमीटर होते, रुंदी ५७ आणि उंची ५०. एकास चार घेतल्यास रुंदी ८५ सेंटिमीटर होते आणि घराच्या दाराचा प्रश्न उभा राहतो.

लांबी सहाव्या हिश्शावर आली की पृष्ठभाग छत्तिसाव्या आणि घनफळ दोनशे सोळाव्या हिश्शावर येते. सर्व भाग मूळ धातूचे आणि मूळ जाडीच्या प्रमाणात केले, तर एकास सोळा प्रतिकृतीचे वजन साडेबारा किलोग्रॅम, एकास सहाचे सुमारे २३६ किलोग्रॅम आणि एकास चारचे जवळजवळ ८०० किलोग्रॅम भरेल. प्रतिकृतीला चिलखताची गरज नसते. प्लायवूड, अल्युमिनियमचा पत्रा आणि जेथे झीज होते तेथे पोलाद, एवढ्यावर एकास सहा प्रतिकृती ८० किलोग्रॅमच्या आसपास ठेवता येते. तरीही ती जिन्यावरून नेण्यास तिघे-चौघे लागतील. पहिल्या मजल्यावर राहणाऱ्याने याचा विचार कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी करावा.

हुबेहूब नक्कल नेहमी हुबेहूब वागत नाही, ही गोष्ट स्प्रिंगांच्या बाबतीत प्रकर्षाने दिसते. सेंच्युरियनला प्रत्येक बाजूस सहा भारवाहक चाके असून ती दोन-दोन मिळून तीन जोड्यांत बसविलेली आहेत. तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि लांबी ही सर्व सहापटीने लहान केली तर स्प्रिंगची ताठरता केवळ सहाव्या हिश्शावर येते. भार मात्र दोनशे सोळाव्या हिश्शावर आलेला असतो. परिणामी स्प्रिंग मूळच्या छत्तिसाव्या हिश्शाइतकीच दबते, जेव्हा ती सहाव्या हिश्शाइतकी दबावयास हवी. म्हणजे नक्कल सहापट कडक झाली. त्यातही प्रतिकृती २३६ ऐवजी ८० किलोग्रॅमची असेल तर हा कडकपणा सुमारे अठरापट होतो. अशी प्रतिकृती खडबडीत जमिनीवर टणाटण उडते आणि तिचा सारा भारदस्तपणा नाहीसा होतो. तेव्हा बाहेरून दिसणारी रचना मूळची ठेवावी. आतील स्प्रिंग मात्र वजनाचा हिशेब करून निवडावी, आणि बॅटऱ्यांसारख्या जड वस्तू शक्य तितक्या तळाशी ठेवाव्या.

शक्तीचा हिशेब त्यामानाने सोपा आहे. मूळ रणगाडा ताशी ३५ किलोमीटर जाई. त्याचा सहावा हिस्सा म्हणजे माणसाच्या झपाझप चालण्याचा वेग. या वेगाने ८० किलोग्रॅमची प्रतिकृती तीस अंशांच्या चढावर न्यावयाची तर, जमिनीचा विरोध धरून, साडेसातशे वॅटच्या आसपास शक्ती लागते. सपाटीवर तिचा पाचवा हिस्साही पुरतो. परंतु दोन पट्ट्यांवर चालणारे वाहन वळते ते एक पट्टा पुढे व दुसरा मागे किंवा सावकाश फिरवून, जमीन खरवडत. आणि त्यासाठी लागणारा जोर जवळजवळ चढाइतकाच असतो. विजेवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्चीत असतात तशा, गिअरसह मिळणाऱ्या २४ व्होल्टच्या दोन मोटारी, प्रत्येक पट्ट्यास एक, या कामी सोयीच्या पडतात.

सर्वांत चिकाटीचे काम पट्ट्यांचे. प्रत्येक पट्ट्यात शंभराहून अधिक कड्या असतात. मूळ कडीची लांबी सुमारे १४ सेंटिमीटर. एकास सहा प्रमाणात ती २३ मिलिमीटरच्या जवळपास येते. कडीच्या दोन भोकांमधील अंतरात पाव मिलिमीटरची चूक राहिली, तर एका कडीत ती नजरेसही पडत नाही. शंभर कड्यांत मात्र ती २५ मिलिमीटर होते. मग पट्टा एका अख्ख्या कडीने लांब किंवा आखूड पडतो. शिवाय कडी आणि दातेरी चाक यांचे माप जुळत नसल्यामुळे, ताण येताच कड्या दात्यांवर चढतात आणि पट्टा निसटतो. म्हणून प्रत्येक कडी स्वतंत्रपणे मोजून भोके पाडू नयेत. पोलादाचा एक पक्का जिग करावा, त्यात सर्व कड्या एकामागून एक बसवून भोके पाडावीत, आणि पहिल्या दहा कड्या जोडून दातेरी चाकावर फिरवून पाहिल्याखेरीज अकरावीला हात लावू नये.

बुरूज आणि तोफ यांची पाळी यानंतर येते. त्याआधी धडाचा नुसता सांगाडा, चाके, पट्टे आणि मोटारी जोडाव्या. येणाऱ्या भागांच्या वजनाइतक्या विटा सांगाड्यावर ठेवाव्या. आणि तो मातीच्या अंगणात चालवून पाहावा. प्रथम सरळ, मग चढावर, आणि शेवटी जागच्या जागी एक पूर्ण फेरा उजवीकडे व एक डावीकडे. पट्टा निसटला तर विटा उतरवून सांगाडा उलटा करणे हे अर्ध्या तासाचे काम असते. रंगविलेल्या बुरुजासकट तेच करावयाचे म्हटले तर एक रविवार पुरत नाही.