वहीची उजवी बाजू

"ताई, तुमची व्हॅलिडिटी 30 एप्रिललाच संपलीय. आता आमच्याकडून काही करता येणार नाही."

23 ऑगस्ट 2024 ची सकाळ. धाराशिवला अभ्यासिकेच्या जिन्यात उभी राहून मी हे क्लासवाल्यांकडून फोनवर ऐकत होते. आदल्या दिवशी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने 25 तारखेची राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुढे ढकलली होती. 25 लाच आयबीपीएसचा, म्हणजे बँक भरतीचा, पेपर होता आणि परीक्षा पुढे ढकलावी म्हणून पुण्यात मुलं-मुली रात्रंदिवस रस्त्यावर बसली होती. त्यांची मागणी रास्त होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हीच परीक्षा मुळात 28 एप्रिलला व्हायची होती. एप्रिलची ऑगस्टवर गेली, ऑगस्टची शेवटी 1 डिसेंबरवर. इतिहास-भूगोलाला त्याने फरक पडत नाही. चालू घडामोडींना मात्र सात महिने वाढतात, आणि ते सात महिने साधे नव्हते. लोकसभेची निवडणूक, विधानसभेची निवडणूक, पॅरिस ऑलिंपिक, लाडकी बहीण योजना, 1 जुलैपासून लागू झालेले तीन फौजदारी कायदे, 3 ऑक्टोबरला मराठीला मिळालेला अभिजात दर्जा, सगळं त्या सात महिन्यांतलं.

ज्या क्लासला मी पैसे भरले होते त्यांच्या जाहिरातीत "पूर्वपरीक्षेपर्यंत संपूर्ण चालू घडामोडी" असं मोठ्या अक्षरात होतं. पावतीवर बारीक अक्षरात तारीख होती. मी जाहिरात वाचली, पावती वाचली नाही. एवढी चूक माझी, ती मान्य. बाकीच्या चुका माझ्या नाहीत, आणि म्हणूनच हे लिहिते आहे.

फी साडेआठ हजार होती. आमचं गाव भूम तालुक्यात. घरी तीन म्हशी, दूध खव्याच्या भट्टीला जातं. साडेआठ हजार म्हणजे किती दिवसांचं दूध, हे मला तोंडपाठ आहे. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका शब्दाने विचारलं नाही. फक्त मी म्हणाले की आता रोजच्या बातम्या क्लासवालेच काढून देणार, मुद्देसूद, तर ते म्हणाले, "मग ह्यो पेपर कशाला पाहिजे? बंद करतो." दुधाच्या गाडीबरोबर आमच्याकडे बारा वर्षं पेपर यायचा. आण्णा सातवी शिकलेले, पण अग्रलेखसुद्धा वाचायचे. जून 2023 पासून तो बंद झाला. मी "करा" म्हणाले.

बॅचचं स्वरूप सांगते, म्हणजे तुम्हाला ओळखता येईल. रोज रात्री टेलिग्रामवर पीडीएफ. तीसेक ओळी, प्रत्येक ओळीत एक वन-लायनर, महत्त्वाचा शब्द लाल. रविवारी टेस्ट, आणि टेस्टमधले प्रश्न त्याच ओळींवर. त्यामुळे मला शंभरात नव्वदच्या खाली कधी पडलेच नाहीत. सर ग्रुपवर माझं नाव टाकून "धाराशिवची वाघीण" असं लिहायचे. त्या वेळी मला ते खरं वाटायचं. आता वाटतं, ज्याने शिकवलं त्यानेच तपासलं तर नव्वद पडणारच.

22 ऑगस्टची रात्र मी विसरणार नाही. परीक्षा पुढे गेल्यामुळे अभ्यासिकेत कोणाचंच लक्ष लागत नव्हतं. आम्ही चौघी मागच्या खोलीत बसून एकमेकींना प्रश्न विचारत होतो. एक मुलगी परंड्याकडची, कधी कोणत्या क्लासला गेलेली नाही. अभ्यासिकेत येणारा पेपर वाचायची आणि दोनशे पानी वहीत लिहायची. तिने विचारलं, 1 जानेवारी 2024 पासून ब्रिक्समध्ये कोणते देश आले? मी धडाधड सांगितले: अर्जेंटिना, इजिप्त, इथिओपिया, इराण, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती.

ती म्हणाली, "अर्जेंटिना आलाच नाही की."

मी पाऊण तास वाद घातला. मोबाइल काढला, पीडीएफ दाखवली. ऑगस्ट 2023 ची, लाल अक्षरात सहा देश. तिने काही न बोलता वही उघडली. डाव्या बाजूला जोहान्सबर्ग परिषद, सहा देशांना निमंत्रण. उजव्या बाजूला डिसेंबर 2023: अर्जेंटिनात नवे अध्यक्ष आले, त्यांनी निमंत्रण नाकारलं. खाली पेन्सिलीने, सौदीचं अजून स्पष्ट नाही.

मला आधी राग आला तो तिचाच. मग तिने दुसरा प्रश्न विचारला, भारतीय न्याय संहितेत कलमं किती? मी 356 म्हणाले. ती 358 म्हणाली. इथेही तीच बरोबर होती. ऑगस्ट 2023 मध्ये मांडलेल्या विधेयकात 356 होती. ते विधेयक मागे घेऊन डिसेंबरमध्ये नवं आणलं, संसदेने ते मंजूर केलं आणि कायद्यात 358 झाली. आमच्या पीडीएफला हे मधलं काहीच माहीत नव्हतं. ऑगस्टची ओळ ऑगस्टमध्येच थांबलेली होती, आणि मी ती वर्षभर घोकत होते.

त्या रात्री मी झोपले नाही. बॅचच्या सगळ्या महिन्यांच्या प्रिंट काढलेल्या होत्या, तीन गठ्ठे. पहाटे चारपर्यंत चाळले. सगळ्यांत जास्त लागलं ते शेवटी सापडलेल्या ओळीने. मागच्या महिन्यांचं संकलन म्हणून दिलेल्या पुस्तिकेत होतं: "फेब्रुवारी 2023, उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव." हे चूक आहे. 24 फेब्रुवारी 2023 ला केंद्राची मान्यता आली ती शहराच्या नावाला. जिल्ह्याच्या नावाची अधिसूचना सप्टेंबर 2023 मध्ये निघाली, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाच्या तोंडावर. मधले सहा-सात महिने आमचं शहर धाराशिव होतं आणि जिल्हा उस्मानाबाद. त्याआधी दोन वेगवेगळ्या सरकारांच्या मंत्रिमंडळांनी 2022 च्या जून आणि जुलैमध्ये ठराव घेतले होते. पुढे प्रकरण कोर्टात गेलं, मे 2024 मध्ये उच्च न्यायालयाने नामांतर कायम ठेवलं. मी याच जिल्ह्यात जन्मले, याच शहरात राहून अभ्यास करत होते, आणि माझ्या जिल्ह्याच्या नावाची तारीख मी बाहेर कुठेतरी बसलेल्या माणसाने टाइप केलेल्या ओळीवरून चुकीची पाठ केली होती. समोर एसटीच्या पाट्या बदलत होत्या, तरी मी मान वर करून पाहिलं नाही.

सकाळी फोन केला. आधी व्हॅलिडिटीचं ऐकवलं. मी म्हणाले, वाढीव महिन्यांचं राहू द्या, आधी दिलेलं चुकीचं आहे त्याचं काय? फोन दुसऱ्याकडे गेला. तो म्हणाला, "दिलं तेव्हा बरोबरच होतं, ताई. अपडेटेड बॅच घ्या, जुन्या विद्यार्थ्यांना तीस टक्के सूट आहे." म्हणजे स्वतः शिळं दिलं ते ताजं करायला पुन्हा पैसे. मी ग्रुपवर अकरा चुका लिहिल्या, प्रत्येकीपुढे तारीख आणि पुरावा. वीस मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं. मैत्रिणीच्या मोबाइलवर खालचा मेसेज पाहिला: "नकारात्मक लोकांपासून दूर राहा." कालपर्यंत मी वाघीण होते. अकरातल्या एकाही चुकीचं दुरुस्तीपत्रक शेवटपर्यंत आलं नाही. त्या ग्रुपवर हजारो मुलं होती. त्यांच्या वह्यांत अर्जेंटिना अजूनही असेल.

पुढचे तीन महिने मी सगळं मुळापासून केलं. त्यात अर्थव्यवस्थेची दुसरी उजळणी राहिली आणि विज्ञान अर्धवट राहिलं. निकाल लागला तेव्हा कटऑफला साडेतीन गुण कमी पडले. एका प्रश्नाला दोन गुण आणि चुकला तर पाव कापतात, म्हणजे दोन प्रश्नांचाही पुरता फरक नाही. परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी क्लासने पोस्टर टाकलं: "आमच्या नोट्समधून 21 प्रश्न जसेच्या तसे." मी ते एकेक करून ताडून पाहिले. विषयाचं नाव नोट्समध्ये कुठेही आलं असेल तर तो प्रश्न यांनी आपला धरला होता. विचारलेली गोष्ट नोट्समध्ये होती असे प्रश्न मला चार सापडले.

आता ज्यांच्या परीक्षा पुढे आहेत त्यांच्यासाठी.

वही दोन बाजूंची करा. ही त्या परंड्याच्या मैत्रिणीची पद्धत, श्रेय तिचं. डाव्या पानावर बातमी आणि तारीख. उजवं पान कोरं सोडा, पुढे काय झालं त्यासाठी. प्रत्येक नोंदीपुढे टप्पा लिहा: घोषणा, मंत्रिमंडळाची मान्यता, विधेयक, कायदा, अधिसूचना, अंमलबजावणी. विद्यार्थी चुकतात ते इथे. घोषणा झाली म्हणजे योजना सुरू झाली असं धरतात, विधेयक मांडलं म्हणजे कायदा झाला असं धरतात. आयोगाला बहुविधानी प्रश्नात नेमकं हेच विचारता येतं, कारण दोन्ही पर्याय खरे वाटतात. यूपीएससीलाही तेच.

आकडे पेन्सिलीने लिहा. भारतातली रामसर स्थळं ऑगस्ट 2022 मध्ये 75 होती, जानेवारी 2024 मध्ये 80, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 85. पाठ करायचंच असेल तर कमी हलणारं करा: महाराष्ट्रातली तीन कोणती, नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी, आणि पहिलं कोणतं.

महिन्यातून एक दिवस फक्त उजव्या पानांसाठी ठेवा. नवं काही वाचायचं नाही. जुन्या नोंदी घेऊन त्यांचं पुढे काय झालं ते शोधायचं. माझा हा दिवस महिन्याचा शेवटचा रविवार असतो, आणि सगळ्यांत जास्त त्याच दिवशी कळतं.

मूळ स्रोताकडे जा. पत्र सूचना कार्यालयाची मराठी प्रसिद्धीपत्रकं, राज्य सरकारचं 'महासंवाद', 'लोकराज्य', 'योजना', हे सगळं फुकट किंवा नाममात्र पैशांत मिळतं. राज्याची आर्थिक पाहणी अर्थसंकल्पाच्या आधी येते, संकेतस्थळावर मराठीत असते. क्लासवाले तिचाच गोषवारा विकतात. आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिकाही संकेतस्थळावर आहेत. पाच वर्षांच्या काढा आणि चालू घडामोडींचे प्रश्न वेगळे लिहून काढा. कोणती बातमी विचारली यापेक्षा तिचा कोणता कोपरा विचारला ते पाहा.

आता एक उदाहरण आमच्या घरातलं. 2024-25 साठी सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये. पीडीएफमध्ये एवढीच ओळ. त्या दिवाळीत आण्णांनी बार्शीला सोयाबीन घातलं ते हमीभावाच्या कितीतरी खाली. मी विचारलं, सरकारी खरेदी केंद्रावर का नाही नेलं? ते म्हणाले, "ओलावा जास्त निघतोय, घेत नाहीत." बारा टक्क्यांची अट होती, नोव्हेंबरच्या मध्यात केंद्राने ती पंधरावर नेली, तोवर आमचा माल गेला होता. हे मला वर्तमानपत्राने शिकवलं असतं आणि आण्णांनी शिकवलं. आता 2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. हमीभाव असूनही शेतकऱ्याला तो का मिळत नाही, असं विचारलं तर 4,892 या आकड्यावर एक ओळसुद्धा लिहिता येणार नाही.

क्लास लावायचाच असेल तर लावा, माझा सगळ्या क्लासवर राग नाही. पण पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या. व्हॅलिडिटी तारखेने आहे की परीक्षेने? परीक्षा पुढे गेली तर काय? आणि मागच्या सहा महिन्यांची दुरुस्तीपत्रकं दाखवा म्हणावं. ज्यांच्याकडे एकही दुरुस्तीपत्रक नाही, ते जुनं पुन्हा उघडून पाहतच नाहीत असं समजा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि पावती जपून ठेवा. कोचिंग क्लासच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. माझ्याकडे जाहिरातीचा स्क्रीनशॉट नव्हता. फोनवर मी तोंडाने भांडत बसले आणि तिथेच हरले.

 

घरी पेपर पुन्हा सुरू केला आहे. आण्णा आधी वाचतात आणि मी गावी गेले की घडी घालून ठेवलेले काढून देतात. मधल्या दीड वर्षात त्यांनी काय वाचलं, असं मी एकदा विचारलं. "खव्याच्या पुड्या बांधायला जुने पेपर यायचे, ते वाचायचो," म्हणाले. त्यावर मला काही बोलता आलं नाही.

2025 च्या सप्टेंबरमध्ये आमचा जिल्हाच बातमी झाला. भूम-परंड्यात आभाळ फाटलं, परंड्याकडे माणसं घरांच्या छपरांवर अडकली, बचाव पथकं आली. आमचं दोन एकर सोयाबीन पाण्याखाली गेलं आणि बांधाकडची माती वाहून गेली. 28 सप्टेंबरची पूर्वपरीक्षा पुरामुळे 9 नोव्हेंबरवर गेली, आणि अभ्यासिकेत पुन्हा तीच धावपळ, पुन्हा "एक्स्टेंशन बॅच"च्या जाहिराती. या वेळी मी एक रुपया भरला नाही. पेपर देऊन आले आहे, निकाल लागेल तेव्हा लागेल.

वहीत त्या पुराची चार पानं आहेत. त्यांतल्या एकावर डाव्या बाजूला लिहिलं आहे: 7 ऑक्टोबर 2025, अतिवृष्टीग्रस्तांसाठी राज्य सरकारचं 31,628 कोटींचं पॅकेज, टप्पा: घोषणा. उजव्या बाजूला आमच्या पंचनाम्याची तारीख आहे. तिच्याखाली आण्णांच्या खात्यावर किती आले आणि कधी, यासाठी दोन ओळी सोडल्या आहेत.